सोफ्यावरचं इंग्रजी

“ऑनेस्टली,” मावशी म्हणाल्या आणि चादरीची दोन टोकं धरून पुढे आल्या.

“काय?” समोरची दोन टोकं धरून रेडिओ ओरडली.

“ऑनेस्टली. म्हणजे, खरं सांगायचं तर. ते लोक कुठल्याही वाक्याच्या आधी हे म्हणतात.”

“मग बाकीच्या वेळी काय थापा मारतात?”

मावशींनी यावर विचार केला. टोकाला टोक जुळलं, चादर रेडिओच्या हातातून त्यांच्या हातात आली, एक घडी, दुसरी घडी, थप्पीवर. तोपर्यंत वाफेच्या रुळातून पुढची चादर बाहेर आलेली होती. “मारत असतील,” त्या म्हणाल्या, “पण हसून मारतात.”

लाँड्री मोठी होती. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी तिथे गाडीने यायच्या आणि गाडीनेच जायच्या. मधल्या हॉलमध्ये तो रूळ. एका बाजूने ओली चादर आत घालायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक आणि हाताला चटका देणारी बाहेर पडायची. बाहेरच्या बाजूला या दोघी. एकमेकींपासून लांब जायचं, चादर ताणायची, जवळ यायचं, घडी घालायची. मावशींची या कामात इतकी वर्षं गेली होती, की घरी एकट्याने चादर घडी करायला घेतली की समोर कुणीतरी कमी आहे असं त्यांना वाटायचं. आणि ते खरंच होतं.

रेडिओ हे काही कुणाचं खरं नाव नव्हे. कामाला लागल्यापासून ती बंद म्हणून झाली नव्हती, एवढंच. तिच्या बडबडीने बाकीच्या बायका वैतागायच्या, मावशी वैतागत नसत. ज्या घरात परत गेल्यावर कुणी ‘आलीस का?’ विचारणारं नसतं, त्या घरच्या माणसाला दिवसभर कुणीतरी बोलत असलेलं बरं वाटतं.

मावशींना एकच मुलगा. लहानपणापासून शब्द खर्च करायला त्याच्या जिवावर यायचं, म्हणून घरात त्याचं नाव घुम्या. शाळेतून आला की दप्तर टाकायचा, ‘आलो’ म्हणायचा, की झाला त्याचा दिवसभराचा कोटा. पाहुणे आले की हा माळ्यावर. बापाच्या मागे मावशींनी त्याला शिकवलं, तो शिकला, दूरदेशी नोकरी लागली आणि गेला. निघताना म्हणाला, ‘येतो.’ मावशींनी बरोबर द्यायचं म्हणून खूप काही बोलायचं ठरवलं होतं, पण घुम्यासमोर आपणच बडबड्या ठरतो असं त्यांना नेहमी वाटायचं, तसंच तेव्हाही वाटलं.

तिकडे त्याने लग्न केलं. सून तिकडचीच. तिला त्याने मराठीतला एकच शब्द शिकवला होता, आई. मावशींचं इंग्रजी म्हणजे शाळेतलं, अक्षरं जुळवून दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरतं. बाकी सगळा उजेड. दर रविवारी संध्याकाळी फोन यायचा, चेहरा दिसणारा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. दोघींच्या मध्ये घुम्या बसायचा आणि इकडचं बोलणं तिकडे करायचा. आता ज्याला स्वतःचंच बोलणं जड, त्याला दुभाषा नेमल्यावर दुसरं काय होणार? सून हात हलवून, डोळे मोठे करून, मध्येच हसून बरंच काही सांगायची, आणि घुम्या म्हणायचा, ‘ती म्हणते, बरं आहे.’ मावशी शेजारच्यांचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगवून सांगायच्या, आणि घुम्या तिकडे वळून दोन शब्द टाकायचा. सून त्याच्याकडे ‘एवढंच?’ अशी बघायची, ते मावशींना चेहऱ्यावरून कळायचं. मग दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. दोघींचं निम्मं बोलणं त्या पोराच्या पोटातच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. कामावरून परत येताना, बसमध्ये, बसल्या जागी. मावशींचे कागद वेळेवर झाले नाहीत. त्यांनी त्याला शेवटचं पाहिलं ते फोनच्या काचेत. सुनेने फोन धरला होता आणि तो एका जागी राहत नव्हता, त्यामुळे तेही धड दिसलं नाही.

त्यानंतरही रविवारचा फोन येत राहिला. सुरुवातीचे रविवार सोपे गेले, कारण दोघी रडायच्या, आणि रडायला भाषा लागत नाही. पण माणूस किती रडणार? पुढे पुढे रडू आपोआप कमी झालं, आणि मग दोघी एकमेकींकडे बघत बसू लागल्या. सून मांजर उचलून दाखवायची. मावशी नवा पडदा दाखवायच्या. सून अंगठा वर करायची. मावशी पण अंगठा वर करायच्या. आणि मग ‘बाय, आई’. फोन दर वेळी आधीच्यापेक्षा लवकर संपायला लागला. एखाद्या रविवारी तो येणारच नाही, या विचाराने शनिवारपासूनच मावशी फोन चार्जिंगला लावून ठेवायच्या.

भीती नुसत्या एकटेपणाची नव्हती. एकटेपणाची सवय त्यांना होती. भीती होती ती एका गोष्टीची, आणि ती त्यांनी फक्त रेडिओला सांगितली होती. मुलगा घरातून गेला तेव्हा शिक्षण संपून फार दिवस झाले नव्हते. त्यानंतर तो मोठा झाला, कमावता झाला, संसार मांडला, सकाळी उठला, रात्री झोपला, कशाकशाला हसला असेल, कशावर चिडला असेल, आणि यातलं मावशींना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्यापाशी लहान मुलगा होता, मोठा माणूस नव्हताच. तो मोठा माणूस जगात एकाच बाईला माहीत होता, आणि तिला मराठी येत नव्हतं. त्यांना तिला विचारायचं होतं, तो कसा होता गं? बस, एवढंच.

रेडिओने आधी फोनवरचं भाषांतराचं यंत्र सुचवलं. मावशींनी एका रविवारी ते करूनही पाहिलं. त्यांनी मराठीत काहीतरी विचारलं, यंत्राने ते असल्या करड्या आवाजात तिकडे सांगितलं की सून दचकून मागे सरकली. तिच्या उत्तराचं मराठी आलं, ‘कृपया, हवामान दुःखी होते.’ मावशींनी ते बंद करून टाकलं. एक घुम्या मध्ये होता तो गेला, आता हा दुसरा कशाला, असं त्या म्हणाल्या. रेडिओची भाची इंग्रजी बोलायची, तिला बोलावू का असंही रेडिओने विचारलं. पण परक्या पोरीला शेजारी बसवून मुलाबद्दल विचारणं मावशींच्या मनाला पटेना.

मग बाजाराजवळचा इंग्रजीचा वर्ग झाला. तिथे विमानतळावर बॅग हरवली तर काय म्हणायचं, बँकेत खातं उघडायचं तर काय म्हणायचं, हे शिकवायचे. मावशींची बॅग कुठे हरवायची नव्हती. त्या जायच्या बंद झाल्या.

त्यानंतर त्यांना ती मालिका आठवली. घुम्याने एकदा आपणहून सांगितलेली ही एकमेव गोष्ट असावी. तो आणि सून दर आठवड्याला एक मालिका बघायचे, एका जुन्या हॉटेलात कायमची राहायला आलेल्या माणसांची. मावशींनी केबलवाल्याला विचारलं, तर ती इकडेही लागत होती. पण मालिका बघायला बसल्या आणि नाकी नऊ आले. त्यात सगळे एकदम बोलायचे, दारं आपटायची, एक जण वाक्य सुरू करायचा आणि दुसरा तोडायचा. त्या बंद करणार इतक्यात मालिका संपली आणि त्यानंतर दुसराच कार्यक्रम लागला. मालिकेतलीच माणसं, पण आता साध्या कपड्यांत, एका लांब सोफ्यावर ओळीने बसलेली. समोर हातात कार्ड घेतलेली एक बाई. ती एकाला विचारायची, तो उत्तर द्यायचा, बाकीचे हसायचे. मग दुसऱ्याला. खाली त्यांचं बोलणं अक्षरांत येत होतं. मावशी पुढे सरकून बसल्या. आपल्याला हेच तर हवंय, त्यांना वाटलं. एकीने विचारायचं, दुसरीने सांगायचं.

केबलवाल्याने तो कार्यक्रम साठवून ठेवायची सोय करून दिली आणि रिमोटवरचं मागे जायचं बटण दाखवलं. मावशींच्या आयुष्यात इतकं उपयोगी यंत्र दुसरं आलं नव्हतं. वाक्य निसटलं की अंगठा बटणावर, सोफ्यावरची माणसं पुन्हा मागे जाऊन तेच बोलायची, तेवढ्याच आनंदाने. कितीदाही विचारा, कपाळाला आठी नाही. न कळलेला शब्द मावशी खालच्या अक्षरांवरून घुम्याच्या शाळेतल्या डिक्शनरीत शोधायच्या. हळूहळू त्या सगळ्यांशी मावशींची घसट झाली. एक टकल्या होता, तो प्रत्येक प्रश्नावर आधी छताकडे बघायचा. एक आजोबा होते, सगळ्यात स्पष्ट बोलणारे, त्यामुळे मावशींच्या खास मर्जीतले. एक लाल केसांची. आणि ती कार्डवाली. जेवताना मावशी ताट घेऊन त्यांच्या समोर बसायच्या.

सोफ्यावरच्या इंग्रजीत एक गोष्ट होती. तिथे वाईट शब्दच नव्हते. सगळं अमेझिंग होतं. सगळे एकमेकांना इन्क्रेडिबल म्हणायचे. काम हा एक प्रवास असायचा आणि प्रत्येक जण स्वतःला भाग्यवान समजायचा. नको, दुखतंय, समजलं नाही, जरा हळू, असलं कुणी काही म्हणायचंच नाही. मावशींना त्यात काही खटकलं नाही. सुनेशी भांडायला त्या थोड्याच शिकत होत्या?

पहिला शब्द सुनेवर टाकायच्या आधी त्यांनी तो तोंडातल्या तोंडात घोकून घेतला. सून फोनवर आली, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. मावशी म्हणाल्या, “यू लुक अमेझिंग.” सून एक क्षण बघत राहिली आणि मग जी हसत सुटली ती थांबेना. तो हिवाळा सरल्यानंतर मावशींनी तिला असं हसताना पहिल्यांदा पाहिलं. भीड चेपली. फोन संपताना पाहुणे कार्डवालीला म्हणतात तसं त्या म्हणाल्या, “थँक यू फॉर हॅविंग मी.” मला बोलावलंत त्याबद्दल आभार. सुनेने तोंडावर हात धरला. पुढच्या रविवारपासून फोन ठेवताना दोघी एकमेकींना ते म्हणू लागल्या, आणि सून दर वेळी खळखळून हसायची.

फोन पुन्हा लांबले. सून हळू बोलायची, मावशी एक एक शब्द पकडायच्या आणि त्यातून अर्थ लावायच्या. मांजर आजारी आहे. खिडकीची काच बदलली. ऑफिसात काम फार आहे. मावशी म्हणायच्या, “दॅट्स इन्क्रेडिबल,” मांजराच्या आजारालाही, पण सुनेला कळायचं. आणि एवढं सगळं होऊनही घुम्याचं नाव दोघींपैकी कुणी काढत नव्हतं. सून काढत नव्हती ती सासूला त्रास होईल म्हणून, आणि मावशींपाशी शब्द नव्हते.

तो प्रश्न सापडला त्या दिवशी मावशी जेवत होत्या. टकल्याचं बोलणं झालं आणि कार्डवाली शेजारच्या आजोबांकडे वळली. टकल्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, “टेल अस समथिंग अबाउट हिम दॅट नोबडी नोज.” याच्याबद्दल आम्हाला असं काहीतरी सांगा, जे कुणालाच माहीत नाही. टकल्या तोंड लपवू लागला. आजोबा हसले, आणि त्यांनी सांगितलं की हा कबुतरांना घाबरतो, कबुतर दिसलं की रस्ता बदलतो. मावशींनी घास खाली ठेवला. इतके दिवस ते लोक एकमेकांना इन्क्रेडिबल म्हणत होते, त्यातून त्यांच्याबद्दल काडीचं काही कळलं नव्हतं. या एका प्रश्नाला मात्र खरा माणूस बाहेर आला. त्यांनी मागे जाऊन तो प्रश्न पुन्हा ऐकला. पुन्हा ऐकला. ताट तसंच राहिलं.

वाक्य मोठं होतं आणि मावशींची जीभ वळत नव्हती. म्हणून ते रुळावर आलं. चादर ताणताना ‘टेल अस समथिंग’, जवळ येताना ‘अबाउट हिम’, घडी घालताना ‘दॅट नोबडी नोज’. रेडिओलाही ते आपोआप पाठ झालं, आणि चहाच्या सुट्टीत ती ते कपडे आणणाऱ्या ड्रायव्हरवर फेकू लागली.

“पण मावशी,” तिने एकदा विचारलं, “अस म्हणजे आम्हाला ना? तुम्ही तर एकट्याच विचारणार.”

“ती कार्डवालीपण एकटीच असते. तरी अस म्हणते.”

“मग असू दे. मलापण ऐकायचंच आहे.”

वाक्य तोंडात बसल्यावरही काही रविवार तसेच गेले. रेडिओ सोमवारी आल्या आल्या विचारायची, विचारलंत? मावशी नाही म्हणून मान हलवायच्या. प्रश्न पाठ करता येतो, उत्तर पाठ करता येत नाही, ही त्यांची अडचण होती. टकल्याच्या कबुतरासाठी त्या किती वेळा मागे गेल्या होत्या.

त्या रविवारी सून नेहमीच्या आरामखुर्चीत नव्हती. टेबलाशी बसली होती, केस विंचरलेले, आणि मागे भिंतीशी खोकी रचलेली. मांजर दाखवलं नाही. म्हणाली, “आई, आय हॅव समथिंग टू टेल यू.” मला तुम्हाला काही सांगायचंय. ती फार हळू आणि तोलून बोलत होती. आपल्यासाठी तयारी करून बसलीय, हे मावशींना कळलं.

“देअर इज समवन,” सून म्हणाली.

कुणीतरी आहे. एवढ्या महिन्यांत एखादं वाक्य पहिल्या फटक्यात, अक्षरांशिवाय, बटणाशिवाय कळण्याची ही पहिलीच वेळ होती. मावशींना क्षणभर कळल्याचाच आनंद झाला, आणि मग अर्थ मागून आला. तिच्या ऑफिसातला कुणी होता. भला होता, असं ती दोनदा म्हणाली. ती हे घर सोडणार होती, त्याच्या गावी जाणार होती. रविवारचा फोन दर रविवारी जमेल असं नाही, असंही तिने सांगितलं, आणि सांगताना तिची नजर खाली गेली. मग वर बघून म्हणाली, “बट यू विल ऑलवेज बी माय फॅमिली.” तुम्ही कायम माझं कुटुंबच असाल.

हे वाक्य मावशींनी सोफ्यावर ऐकलं होतं. लाल केसांची मालिका सोडून गेली, त्या दिवशी ती सगळ्यांच्या गळ्यात पडून हेच म्हणाली होती, आणि खरंच रडली होती. पुढच्या आठवड्यात तिच्या जागी दुसरी कुणीतरी बसली होती. त्या बाईने सोफ्यावर काही खोटं सांगितलं असं मावशींना तेव्हाही वाटलं नव्हतं. निघालेलं माणूस तेच म्हणतं. राहणाऱ्याला ते म्हणायची गरजच पडत नाही.

“आय अ‍ॅम सो हॅपी फॉर यू,” मावशी म्हणाल्या. “यू डिझर्व्ह इट.” सोफ्यावरची माणसं असल्या वेळी हेच म्हणतात. आणि खरं सांगायचं तर, मावशींना ते वाटतही होतं. पोरीचं वय काय, तिने भिंतीकडे बघत किती वर्षं काढायची? तिने दुसरा संसार मांडावा असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि त्याच वेळी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती.

सूनही डोळे पुसत होती. आता ती ‘बाय, आई’ म्हणेल, मावशींना वाटलं. आज नाही विचारलं तर संपलं. पुढच्या फोनला तिच्या मागे दुसरं घर असेल, दाराआड दुसरा माणूस असेल. त्याच्या घरात बसून ती आपल्या पोराबद्दल काय सांगणार, आणि आपण तरी कुठल्या तोंडाने विचारणार?

“टेल अस,” त्या म्हणाल्या. पुन्हा सुरुवात केली. “टेल अस समथिंग अबाउट हिम. दॅट नोबडी नोज.”

सुनेला आधी कळलं नाही. नव्या माणसाबद्दल विचारतायत असं तिला वाटलं असावं. मग तिने मावशींच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला. “अबाउट हिम,” ती हळूच म्हणाली. ती हसली, मग तिचा ओठ वाकडा झाला, आणि मग बांध फुटावा तशी ती बोलायला लागली. हळू बोलायचं ती विसरूनच गेली.

मावशी कानात प्राण आणून ऐकत होत्या. किचन, हा शब्द आला. एव्हरी मॉर्निंग आलं. सिंगिंग आलं, आणि ते चुकून ऐकलं की काय असं त्यांना वाटलं, तेवढ्यात सुनेने टेबलावरचा चमचा उचलून तोंडासमोर धरला, डोळे मिटले आणि मान डोलावली. गात होता. टेरिबल, ती म्हणाली, आणि दोन्ही कान दाबून हसली. भयंकर गायचा. वर बोट करून तिने वरच्या मजल्यावरची म्हातारी काठी कशी आपटायची तेही करून दाखवलं, आणि म्हातारीने काठी आपटली की तो आणखी मोठ्याने गायचा. मावशी हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांचा घुम्या. पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसणारा.

मग सुनेने चमचा खाली ठेवला. आता ती हातवारे न करता बोलत होती, खालच्या आवाजात, टेबलाकडे बघत. त्या बोलण्यातून मावशींना ‘माय मदर’ एवढं ऐकू आलं. माझी आई. पुढे बरंच काही होतं, आणि शेवटी ‘ऑलवेज’. ती त्याचं बोलणं सांगत होती की स्वतःच्या आईबद्दल काही, एवढंही कळलं नाही. मावशींचा अंगठा फोनच्या कडेवर दाबला गेला, मागे जायचं बटण असतं तिथे. तिथे नुसती गुळगुळीत काच होती. पुन्हा सांग, हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते सोफ्यावर कुणी शिकवलं नव्हतं, त्यांना कधी गरजच पडली नव्हती. वन्स मोअर तेवढं ठाऊक होतं. पण ते टाळ्या वाजवून गाण्याला म्हणतात, रडणाऱ्या पोरीला कसं म्हणायचं? आणि सून तर आता ओंजळीत तोंड लपवून रडत होती.

“थँक यू,” मावशी म्हणाल्या.

“थँक यू, आई,” सून म्हणाली. फोन कोणी आधी ठेवला ते त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर मावशी बराच वेळ खुर्चीतच होत्या. मग उठून त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि गॅसपाशी उभं राहून तो कसा उभा राहत असेल ते डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. चमचा आला, मान डोलताना दिसली, वरच्या म्हातारीची काठीही ऐकू आली. आवाज मात्र येईना. त्यांनी त्याला गाताना कधी ऐकलंच नव्हतं. आपल्या घरात त्याला गावंसं कधी वाटलं नाही, हे मनात आल्यावर त्यांनी गॅस बंद केला. टीव्ही त्या संध्याकाळी लागला नाही.

सोमवारी रूळ सुरू झाला. पहिली चादर बाहेर आली, दोघींनी टोकं धरली. रेडिओने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, “विचारलं.”

“काय म्हणाली?”

सुनेच्या नव्या संसाराचं मावशींनी काढलं नाही, आणि ‘माय मदर’चंही नाही. “माझा मुलगा गायचा,” त्या म्हणाल्या. “रोज सकाळी, स्वयंपाकघरात. मोठ्याने. अगदी भयंकर गायचा. वरची म्हातारी काठी आपटायची.”

“घुम्या?” रेडिओचे डोळे विस्फारले. “आणि काय गायचा? कुठलं गाणं?”

चादर दोघींच्या मध्ये ताणलेली होती. मावशी जवळ यायच्या ऐवजी तिथेच थांबल्या. कुठलं गाणं? तिकडचं, की इकडचं? लहानपणी त्याच्या कानावर पडलेलं एखादं? हे विचारायचं त्यांच्या मनातच आलं नव्हतं, आणि आता ते सांगणारं माणूस खोकी भरत होतं.

“तेवढं नाही कळलं,” त्या म्हणाल्या.

मागून पुढची चादर आली आणि पहिलीवर वळून पडली. रेडिओने भरभर दोन्हींची टोकं सोडवली, स्वतःच पुढे आली, मावशींच्या हातात घडी दिली आणि पुढची चादर पकडली. मग रुळाच्या आवाजावर आवाज चढवून तिने एक जुनं गाणं सुरू केलं. तिचा गळा कधीच बरा नव्हता. दोन ओळी म्हणून ती ओरडली, “हे असेल का, मावशी?”

मावशींनी ऐकून घेतलं. “असेल,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या चादरीला तिने दुसरं घेतलं, लग्नकार्यांत बँडवाले वाजवतात त्यातलं. “मग हे?”

“हेही असेल.”

आत चादरी घालणाऱ्या बायका वाकून बघू लागल्या होत्या. रेडिओने तिसरं धरलं, मग पाळण्यातल्या मुलांना म्हणतात ते, मग अर्धवट आठवणारं एक इंग्रजी. मावशी टोकं धरून लांब जात होत्या, जवळ येत होत्या, आणि प्रत्येक गाणं संपेपर्यंत नीट ऐकून म्हणत होत्या, असेल.